लॅटिनपासून ढोलकीपर्यंत : आपल्या परिसरातल्या ख्रिस्ती उपासनेची गोष्ट



स्मरणिका समितीचा निरोप आला तेव्हा सोबत एक सूचनाही होती : "शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू आपल्या परिसराच्या इतिहासावर काहीतरी लिही." मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर. इतिहासाशी माझा औपचारिक संबंध दहावीच्या पेपरानंतर संपला. पण विषय शोधावा लागला नाही, कारण तो प्रश्नाच्या रूपाने वर्षानुवर्षं माझ्यामागे आहे. शाळेत असताना मधल्या सुट्टीत मैत्रिणी विचारायच्या आणि आता मुंबईच्या ऑफिसात दर नाताळला सहकारी विचारतात, "तुमच्या चर्चमध्ये मराठीत प्रार्थना? तबला, ढोलकी? चर्च म्हणजे इंग्रजी नसतं का?"

हसून उत्तर देता येतं. नीट उत्तर द्यायचं तर मात्र साडेचारशे वर्षं मागे जावं लागतं. बोळिंज, नंदाखाल, आगाशी, निर्मळ या पट्ट्यातल्या माणसांना देवासमोर स्वतःच्या भाषेत मोकळेपणाने गाता यावं, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. ती कशी घडली ते मला समजलं तसं सांगते.

देवाकडे गात का जायचं?

आपल्यातले बरेच जण ख्रिस्ती नाहीत, म्हणून थोडं मुळापासून सांगते. बायबलमध्ये स्तोत्रसंहिता नावाचं पुस्तक आहे, त्यात दीडशे स्तोत्रं आहेत. ही यहुदी लोकांची उपासनेची गाणी. त्यातलं शंभरावं स्तोत्र उपकारस्तुतीचं आहे. देवाच्या दारातून आत कसं यावं हे ते सांगतं, आणि सांगताना क्रम मोठा सुंदर लावतं : आधी आनंदाने आवाज उठवा, मग आभार मानत दरवाजातून आत या, आणि मग अंगणात उभं राहून स्तुती करा. आधी शुद्ध व्हा, पात्र ठरा, मग आत या, असं ते म्हणत नाही. आनंद हीच आत येण्याची वाट आहे.

त्याच पुस्तकातली १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं 'आरोहणाची गीतं' म्हणून ओळखली जातात. यरुशलेम डोंगरावर. सणाला तिथे चढून जाणारे यात्रेकरू ती वाटेत म्हणत, अशी समजूत आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पंढरीच्या वाटेवर जे टाळ वाजतात तेच काम ही गाणी करत असणार. देव शेवटी भेटायचा असतो, पण भेटीचा आनंद घराचा उंबरा ओलांडल्यापासूनच सुरू होतो.

पहिले ख्रिस्ती लोकही गाणारेच होते. इसवी सनाच्या ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने सम्राट ट्राजनला पत्र लिहून या नव्या पंथाची माहिती कळवली. त्यात त्याने नोंदवलं आहे की ही माणसं ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात. सरकारी अहवालात सुद्धा गाण्याची नोंद झाली!

सोळावं शतक : धर्म आला, भाषा मागे राहिली

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे दोनशे वर्षं वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं होतं. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा संघांचे मिशनरी आले. किल्ल्यात आणि आजूबाजूच्या गावांत चर्च उभी राहिली. बोळिंजच्या शेजारचं नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च त्याच शतकातलं.

त्या वेळी कॅथलिक चर्चची उपासना जगभर लॅटिनमध्ये होत असे. लिस्बनचा कोळी आणि आगाशीचा केळीवाला दोघांनाही मिस्सा सारखीच अनोळखी होती. हा दोष एकट्या वसईच्या वाट्याला आला नव्हता. फरक एवढाच की इथल्या माणसाच्या कानावर ओव्यांचे, भजनांचे सूर आधीपासून होते. नव्या धर्मात आल्यावर त्या सुरांचं काय करायचं, हा प्रश्न इथे उभा राहिला.

या प्रश्नाला पहिलं मोठं उत्तर गोव्यातून मिळालं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि मरेपर्यंत याच देशात राहिले. त्यांनी मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापलं गेलं. ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यामागची गरज सांगितली आहे : नव्याने ख्रिस्ती झालेले लोक म्हणतात, आमची जुनी पुराणं सुटली, तर त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला आमच्या भाषेत काहीतरी द्या. मला ही मागणी फार मोलाची वाटते. लोकांना धर्माचे नियम कळले होते, पण गावंसं वाटेल असं काही हातात नव्हतं. ख्रिस्तपुराणाने ती पोकळी भरली. देवळांत रविवारी आणि सणासुदीला त्याचं वाचन होई.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे, आणि माझ्यातल्या इंजिनीअरला ती सोडवत नाही. हे मराठी पुराण छापलं गेलं रोमन लिपीत. स्टीफन्स यांना देशी अक्षरांत पुस्तकं छापायची होती, आणि १६०८ मध्ये त्यांनी रोमला वरिष्ठांना तसं पत्रही लिहिलं होतं. अडचण खिळ्यांची होती. आपल्या लिपीत काना-मात्रा आणि जोडाक्षरं धरून सहाशेच्या आसपास वेगवेगळे छाप लागतील, असा तेव्हाचा हिशेब होता. ती संख्या दोनशेवर आणता येईल असंही त्यांनी सुचवलं होतं. ते काही जमलं नाही. मजकूर मराठी आणि अक्षरं परकी, अशा रूपात पुराण बाहेर पडलं. पुढे १९०७ मध्ये मंगळूरला त्याची आवृत्ती निघाली तीही रोमन लिपीतच. छापील देवनागरी ख्रिस्तपुराण १९५६ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झालं. म्हणजे मराठी ओव्यांना मराठी अक्षरांत छापून यायला ३४० वर्षं लागली! हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

स्टीफन्स यांच्यासारखी माणसं एकीकडे होती, तर दुसरीकडे धाक होता. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये एक आज्ञापत्र काढून ख्रिस्ती लोकांच्या अनेक देशी चालीरीतींवर बंदी घातली. त्यात लग्नात देशी वाद्यं वाजवणं आणि ओव्या गाणं याही गोष्टी होत्या. लग्नघरातल्या बायकांच्या ओव्यांची भीती वाटावी, यातच त्या ओव्यांची ताकद कळते.

वसई पडली, उपासना टिकली

यानंतर तीनच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला जिंकला. आपण हा धडा शाळेत शिकलो तेव्हा सरांनी लढाईचा नकाशा फळ्यावर काढला होता. पण किल्ल्याबाहेरच्या ख्रिस्ती गावांचं पुढे काय झालं, हा प्रश्न तेव्हा मनात आला नव्हता. पोर्तुगीज आणि त्यांचे मिशनरी निघून गेले. शरणागतीच्या अटींत इथे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली होती. चर्चचा कारभार हळूहळू देशी धर्मगुरूंच्या हातात आला. राज्य गेलं, पाठीशी सत्ता उरली नाही, तरी लोकांनी श्रद्धा सोडली नाही. म्हणून माझ्या मते वसईचा ख्रिस्ती धर्म खऱ्या अर्थाने इथल्या मातीचा झाला तो १७३९ नंतर.

उपासना मात्र दोन मजली झाली. चर्चच्या आत लॅटिन, आणि चर्चच्या बाहेर आपलं बोलणं. गावातल्या क्रुसापुढे संध्याकाळी लोक जमत, जपमाळ होई आणि लॅटिन लितानी म्हटली जाई. अर्थ कोणाला कळत नसे, पण पाठांतर असं की एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. आणि लग्नाच्या मांडवात सामवेदी बोलीतली गाणी. ही बोली सामवेदी हिंदूंच्या घरात बोलली जाते तशी कुपारी ख्रिस्ती घरातही बोलली जाते. आपल्या वर्गात दोन्ही घरांतली मुलं एकाच बाकावर बसून तीच बोली बोलायची आणि मराठीच्या बाई दोघांनाही "प्रमाण मराठीत बोला रे" म्हणून सारखंच दटावायच्या, हे तुम्हांला आठवत असेल. म्हणजे आनंद होता, गाणंही होतं. फक्त ते चर्चच्या पायरीपाशी थांबत होतं.

टिळकांनी दाखवलेली वाट

ही पायरी ओलांडण्याचं काम महाराष्ट्रात आधी केलं ते प्रॉटेस्टंट मंडळींनी, आणि त्यातलं सर्वांत मोठं नाव नारायण वामन टिळकांचं. कोकणात जन्मलेले हे कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम करू लागले. तिथल्या चर्चमध्ये तेव्हा परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं गायली जात. मराठी कान आणि पाश्चात्त्य चाल यांचं जुळत नव्हतं. टिळकांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं उभी केली. तुकोबांची वाट धरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. त्यांची पुष्कळ गीतं 'उपासना संगीत' या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या गीतसंग्रहात आजही आहेत. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' आपल्यातल्या अनेकांनी वाचलं असेल. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं.

कॅथलिक चर्चला जे १९६० नंतर करता आलं, ते टिळकांनी अर्धशतक आधी करून दाखवलं होतं. भक्ताला आपल्या सुरात गायला मिळालं की श्रद्धा उसनी वाटत नाही, हा त्यांच्या कामाचा धडा आहे.

चर्चच्या आत मराठी

११ ऑक्टोबर १९६२ रोजी रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. जगभरचे बिशप एकत्र बसले आणि त्यांनी पहिला जो मोठा दस्तऐवज संमत केला तो उपासनेविषयीचा होता. ४ डिसेंबर १९६३ ही त्याची तारीख. लोकांनी उपासनेत समजून-उमजून, सक्रिय भाग घ्यावा, त्यासाठी लोकभाषा वापरता यावी आणि ज्या देशांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथे त्या परंपरेला मान द्यावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईला आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेससाठी आले. भारतात आलेले ते पहिले पोप. वसईच्या गावागावांतून लोक त्या सोहळ्याला गेले होते. आमच्या घरातही त्याच्या गोष्टी सांगितल्या जात.

माझी आजी जुन्या मिस्साबद्दल सांगायची. फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करून उभे असत. त्यांचं लॅटिन चालू असे आणि बायका आपापली जपमाळ ओढत. घंटी वाजली की मान वर करायची. मग एके दिवशी वेदी पुढे आली, फादर लोकांकडे वळले आणि मराठीत बोलू लागले. आजीचं वाक्य मला अजून आठवतं : "तेव्हा कळलं की फादर इतकी वर्षं आपल्यालाच उद्देशून बोलत होते, आणि आपण त्यांना उत्तर द्यायचं होतं." या बदलावर अनेक जाडजूड पुस्तकं लिहिली गेली आहेत, पण मला आजीचं वाक्य पुरेसं वाटतं.

१९६९ मध्ये भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा सवलतींना रोमने मान्यता दिली. मांडी घालून बसून उपासना करणं, हात जोडून किंवा पंचांग प्रणाम करून वंदन करणं, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा लावणं, वेदीवर आरती ओवाळणं, फुलं वाहणं अशा त्या गोष्टी होत्या. यावर देशभर मोठा वाद झाला. हे हिंदूकरण आहे, अशी काहींची तक्रार होती. ज्यांच्या पूर्वजांना ओव्या गायल्याबद्दल दम भरला गेला, त्यांच्याच पुढच्या पिढ्यांना 'आता आरती करा' म्हटल्यावर गोंधळ उडणं स्वाभाविक होतं. आणि लॅटिनवर खरं प्रेम असलेली माणसंही होती. आमच्या शेजारचे एक आजोबा शेवटपर्यंत संध्याकाळी अंगणात बसून लॅटिन लितानी गुणगुणत. अर्थ कळत नसलेल्या त्या सुरांत त्यांचं बालपण होतं, त्यांची आई होती. त्यांचा आनंद खोटा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण तो आनंद त्यांना पुढच्या पिढीच्या हातात देता आला नाही, हेही खरं.

मराठी उपासनेला घडीव, सुबोध भाषा मिळावी म्हणून पुढे ज्यांनी आयुष्य वेचलं त्यांतले एक आपल्या शेजारचेच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म १९४२ चा, नंदाखालचा. 'सुवार्ता' मासिकाचं संपादन त्यांनी १९८३ पासून जवळजवळ पंचवीस वर्षं केलं. हे मासिक ख्रिस्ती घरांत येई तसं साहित्यप्रेमी हिंदू घरांतही वाचलं जाई. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका कॅथलिक धर्मगुरूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. जुलै २०२४ मध्ये ते गेले. मधल्या काळात, १९९८ मध्ये, मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत स्थापन झाला होता. मराठीत प्रार्थना करणाऱ्या माणसांना आपलं स्वतःचं घर मिळालं.

आपला काळ आणि आज

आपण शाळेत होतो तो काळ या बदलाचं पीक हाती येण्याचा होता. मी जन्मले तेव्हा चर्चमध्ये पेटी, तबला, ढोलकी सगळं होतंच. हे कोणी कधी मिळवलंय असं मला वाटलंच नव्हतं. गायनमंडळातली मुलं स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात पुढे असायची आणि पेटीवरचे सर चर्चमध्ये पट्टी एक आणि शाळेत एक अशी कधी धरत नसत. नाताळच्या गाण्यांना आपल्या वर्गातल्या हिंदू मैत्रिणींनी धरलेला ठेका आणि गणपतीच्या आरतीला आम्ही वाजवलेल्या टाळ्या, यांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आज चित्र बदललं आहे. बोळिंजला म्हाडाचे टॉवर उभे राहिले. जिथे पानवेली आणि केळीच्या बागा होत्या तिथे पार्किंग आलं. नव्याने राहायला आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत कोकणी, मल्याळम, तमिळ, इंग्रजी बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांनाही त्यांच्या भाषेत गाता यायला हवं. आपल्या आजीला जे मिळालं ते त्यांना नाकारायचं कसं? खरी काळजी आपल्याच घरातली आहे. आपण बहुतेकांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातलं. ती मराठी बोलतात, गातातही, पण देवनागरी वाचताना अडखळतात. म्हणून काही ठिकाणी उपासनेच्या वेळी पडद्यावर मराठी गीतं रोमन अक्षरांत दाखवली जातात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला १६१६ सालचं ख्रिस्तपुराण आठवलं. तेव्हा खिळे नव्हते. आज प्रत्येक फोनमध्ये देवनागरी आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच तिला जागा मिळाली आहे. आज उणीव आहे ती वाचणाऱ्या डोळ्यांची.

यावर रडत बसावं असं मला वाटत नाही. रोमन अक्षरांतल्या ख्रिस्तपुराणानेही शतकानुशतकं लोकांना गायला लावलंच. मूल रोमन वाचून का होईना, मराठीत मोठ्याने गात असेल, तर दार अजून उघडं आहे. पण दुसरी एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत गावोगावच्या शिक्षकांनी, सिस्टरांनी, पेटीवाल्यांनी जी गीतं रचली, चाली बसवल्या, त्यांतली बरीचशी कधी छापली गेली नाहीत. ती शंभरपानी वह्यांत आहेत. नव्वदच्या दशकात काही गीतं संगणकावर टाइप झाली, पण जुन्या फॉन्टमध्ये. आज त्या फाइल उघडल्या की पडद्यावर नुसती चिन्हं दिसतात. गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी अशा फाइल युनिकोडमध्ये आणण्याचं काम करते आहे. जोडाक्षरं आणि रफार सर्वांत जास्त छळतात. फादर स्टीफन्स यांना ज्यांनी छळलं तीच ही जोडाक्षरं, हे मनात आलं की थकवा जरा कमी होतो.

एवढं लिहिण्यामागचा हेतू आता सांगते. स्नेहमेळाव्याला येताना घरातल्या जुन्या वह्या शोधा. आजी-आजोबांच्या, वडिलांच्या, गायनमंडळात असलेल्या काकांच्या. उपासनेची गाणी असोत, लग्नातली सामवेदी गाणी असोत, नाहीतर शेजारच्या हिंदू घरातल्या ओव्या असोत, सगळ्या आणा. मी स्कॅनर घेऊन येते, वह्या त्याच दिवशी परत मिळतील. आपल्या मराठीच्या बाई आणि संगीताचे सर येणार आहेत असं समितीकडून कळलं आहे. अक्षर लागत नसेल तिथे बाई मदत करतील आणि चाल आठवत नसेल तिथे सर. आणि ज्यांच्याकडे वही नाही, पण ओठांवर एखादी ओळ आहे, त्यांनी ती नुसती गावी. आम्ही लिहून घेऊ.